नदीवरचा उखाणा

लग्न होऊन अमेरिकेत पिस्कॅटवेला आले त्याला जेमतेम महिना झाला होता. ह्यांच्या मित्रांची दर उन्हाळ्यात एक सहल असे, पार उत्तरेकडच्या जंगलातल्या नदीवर. दोघांपुरती अरुंद होडी, तिला कनू म्हणायचं, आणि दिवसभर वल्ही मारायची. मला पोहता येत नाही हे मी ह्यांना गाडीतच सांगितलं होतं. पोचल्या पोचल्या ह्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. जेवणाच्या डब्यांतला शिरा सांडू नये म्हणून माझं लाइफ जॅकेट त्या डब्यांखाली गेलं.

नदी सुरेख होती, खोटं कशाला बोलू. दोन्ही काठांवर पाइनची गर्द झाडी, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. तळ काही दिसत नव्हता.

जरा आत गेल्यावर बाकीच्या होड्यांनी आम्हाला गराडा घातला. नव्या वहिनीनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि घेईपर्यंत तिची होडी हलवायची, अशी ह्या मंडळींची रीत. बायकाही टपून बसल्या होत्या. त्यांची पाळी कधीच होऊन गेली होती ना!

"वहिनी, रूल इज रूल!"

मागे वळून बघते तर होडी हलवत होते आमचेच हे.

"अहो, नको ना. मला खरंच भीती वाटते."

"अगं, घे की पटकन. सगळ्यांसमोर शोभा करू नकोस."

पाठ केलेले उखाणे कुठच्या कुठे पळाले. होडीची कड घट्ट धरून मी कसंबसं जुळवलं: दोन्ही काठांना झाडी दाट, मग ह्यांचं नाव, आणि सोडा माझी वाट. टाळ्या पडल्या. होडी थांबली. माझा जीव भांड्यात पडला.

"फोटोच राहिला यार," कॅमेरावाला मित्र ओरडला. "वन्स मोर!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं. हे हसले, आणि असा हिसका दिला की होडी पालथी झाली.

नाकातोंडात पाणी गेलं. आता मी मरणार, आणि ह्या माणसाच्या हातून मरणार, एवढंच डोक्यात होतं. वरून हसण्याचे आवाज येत होते.

"अगं, उभी राहा! कमरेएवढंच पाणी आहे."

वेळेवर उडी टाकून उतरलेले हे हातभर अंतरावर उभे होते, डोक्यावरची टोपीसुद्धा कोरडी. पाणी किती आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

फोटो झकास आला. ह्यांनी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. तोंड उघडं दिसतं म्हणून पाहुणे म्हणतात, किती खळखळून हसताय हो!

पुढे एकदा आमची मुलगी, तेव्हा किंडरगार्टनमध्ये होती, सोफ्यावर चढून तो फोटो बराच वेळ बघत राहिली.

"आई, व्हाय इज नोबडी हेल्पिंग यू?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.