परीक्षा तिची, अक्षर माझं

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून मला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरलं, म्हणून मी दर शनिवारी अड्यारला जर्मनच्या वर्गाला जायला लागले. त्या आठवड्यात धडा स्वयंसेवेचा होता. बाईंनी फळ्यावर 'एरनआम्ट' लिहिलं. 'एर' म्हणजे मान, 'आम्ट' म्हणजे हुद्दा. पगार न घेता लोकांसाठी केलेलं काम. त्याखाली 'त्सुझामनहाल्ट', एकमेकांना धरून राहणं. असं काम करणाऱ्या कुणाबद्दल तरी पुढच्या शनिवारी पाच वाक्यं बोलायची होती.

मला माझ्या घरमालकीणबाईच आठवल्या. तंजावरकडच्या मराठी, बँकेतून निवृत्त झालेल्या. मी त्यांना मामी म्हणायचे. अंध विद्यार्थ्यांचे पेपर लिहून द्यायला त्या बरीच वर्षं जात होत्या. मी नवा शब्द त्यांना अर्थासकट सांगितला, तर त्यांना हसू आलं. यात मान कसला, म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट सुजलं. दहा वाजता एका मुलीचा इतिहासाचा पेपर होता. बदली माणूस मिळेना. मी रजा टाकली. रिक्षात मामींनी एवढंच बजावलं, "ती सांगेल तेंच लिही. चूक सांगितली तर चूकच लिही. परीक्षा तिची."

केंद्रावर माझं ओळखपत्र पाहून सही घेतली आणि आम्हा दोघींना एका वेगळ्या खोलीत बसवलं, पर्यवेक्षकासमोर. मुलगी जन्मापासून अंध होती, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिनं सगळे प्रश्न दोनदा वाचून घेतले. मग बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, घाबरली. नंतर ती बोलायला लागली ती स्वल्पविराम, नवा परिच्छेद यांसकट, एका लयीत, माझ्या पेनच्या वेगाला वेग जुळवून. एके ठिकाणी तिनं एका तहाचं साल चुकीचं सांगितलं. माझा हात थबकला. तिला ते थबकणं ऐकू आलं. "लिहा," ती शांतपणे म्हणाली. मी चूक तशीच लिहिली.

सहा पानं झाल्यावर ती म्हणाली, दुसऱ्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात ते साल आहे, ते खोडा. आणि बरोबर साल सांगितलं. मी पानं उलटली. तिसराच परिच्छेद होता. मी स्वतः लिहिलेलं मला आठवत नव्हतं आणि तिच्या डोक्यात अख्खी उत्तरपत्रिका पानापानांनी मांडलेली होती. पुढे कितीतरी ओळी मी लिहिल्या, पण मन तिथेच अडकून राहिलं.

बाहेर बाकावर मामी दुखरा हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. मुलीनं त्यांना सांगितलं, या ताई तुमच्यापेक्षा हळू लिहितात. मामी म्हणाल्या, "शिकेल."

शनिवारी मी मामींबद्दलची पाठ केलेली वाक्यं सोडून त्या मुलीबद्दल मोडक्या जर्मनमध्ये बोलत राहिले. पाचाची बारा वाक्यं झाली. बाईंनी विचारलं, यात स्वयंसेवक कोण? मी सांगितलं, हात माझा होता, पण मदत कुणी कुणाला केली ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी माझी एक विभक्ती सुधारली आणि बोलू दिलं.

जर्मनीला निघण्यापूर्वी मी आणखी चार पेपर लिहिले.