मावशीच्या पाठीमागचं दार

माझी मावशी रफू करते. कोटाला पडलेलं भोक त्याच कोटाच्या शिवणीतले धागे काढून ती असं बुजवते की गिऱ्हाईक भिंग घेऊन शोधत बसतं. तिला ऐकू मात्र अजिबात येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखते. या कामाला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून काका असताना त्यांनी घरामागे तीन बाजूंनी काचेची खोली बांधून दिली होती. तिथे उजेडाकडे तोंड आणि सरकत्या दाराकडे पाठ करून ती वीस वर्षं बसली.

मग एका दुपारी ती टाके घालत असताना कुणीतरी ते दार सरकवून आत आलं आणि खुंटीवरचे दोन कोट घेऊन गेलं.

"कोटांचं काही नाही गं," ती मला म्हणाली. "पण तो माझ्या मागे किती वेळ उभा होता, हे मला कधीच कळणार नाही."

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून ट्यूबलाइटखाली बसू लागली. तिथे एका गडद निळ्या कोटाच्या शिवणीतले धागे पुरले नाहीत, म्हणून तिने डब्यातला धागा घेतला आणि निळा समजून काळ्याने रफू केलं. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आलं नसतं, पण अंगणात नेऊन पाहिल्यावर मावशीचा चेहरा उतरला. दोन दिवस तिने सुई हातात धरली नाही. "आता बंद करते हे," म्हणाली. तेव्हा मात्र मी घाबरले आणि अलार्मवाल्याला बोलावलं.

त्याची मिशी इतकी भरघोस की मावशीला त्याचे ओठच दिसेनात. ती चष्मा वर-खाली करून कंटाळली आणि शेवटी त्याच्यापुढे वही-पेन्सिल सरकवली.

त्याने पिशवीतून पहिला सेन्सर काढला. हा म्हणे हालचाल ओळखतो.

"खोलीत दिवसभर हीच हालचाल करणार," मी म्हटलं. "हिलाच पकडायचंय का?"

दुसरा काच फुटल्याचा आवाज टिपणारा. मावशीने त्याचं वर्णन वहीत वाचलं आणि विचारलं, "त्या मेल्याने काच कुठे फोडली होती?" अलार्मवाल्याने तोही परत पिशवीत टाकला.

तिसरं दाराचं चुंबक. एक तुकडा दारावर, एक चौकटीवर. दोघांत फट पडली की भोंगा. त्याने वाजवून दाखवला. मी कान दाबले, शेजारीण धावत कुंपणापाशी आली. मावशी मान खाली घालून सुईत धागा ओवत होती.

अलार्मवाल्याने कपाळाला हात लावला. लाज मला वाटली. जन्मापासून मी या बाईशी तोंडासमोर तोंड आणून बोलते आहे, आणि तिच्यासाठी बोंब मारणारी वस्तू आणायला मीच निघाले होते.

काय झालं ते मावशीने आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं. "याला भोंग्याबरोबर दिवा जोडता येईल का?" तिने विचारलं. "माझ्या नाकासमोर?"

येत होता. लाल दिवा कामाच्या टेबलावर बसला. काचांनाही त्याने धक्का ओळखणारे चपटे सेन्सर चिकटवले. पण मावशी अशी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी नव्हे. भोंगा कायमचाच बंद करायला लावून तिने त्यालाच फर्मावलं, "बाहेर जा आणि चोरासारखा ये. मी मागे बघणार नाही."

बिचारा बूट काढून, श्वास रोखून आला. दार बोटभर सरकलं आणि दिवा लागला. पुन्हा आला, पुन्हा लागला. तिसऱ्या वेळी त्याने हळूच काच ठोकली, तरी लागला. असं सात वेळा झालं. सातव्यांदा मावशीने खुर्ची पुढे ओढून घेतली, आणि तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ते ताठलेले होते हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी मी मुद्दामच मागच्या दाराने गेले. दार सरकवलं. तिच्यासमोर लाल उजेड पडला. ती दचकली नाही, वळलीसुद्धा नाही. डावा हात तेवढा वर केला.

"कोण असशील ते तिथेच थांब. एवढा टाका होऊ दे."

माझा जीव भांड्यात पडला. मी उंबऱ्यावरच उभी राहिले. चोर असते तरी राहिले असते.