भाव विचारणारी सगुणा

माझी बायको सगुणा डेअरीत कॅन रिकामी करायच्या आधी रोज भाव विचारायची. भाव फळ्यावर लिहिलेला असायचा, तरी. सेंटरवाला नामदेव वैतागायचा. "मावशी, वाचता येत न्हाई का?"

"येतंय की. पर तुझ्या तोंडून ऐकू दे. खोटं बोलताना मानूस नजर चोरतो. फळ्याला कुठं नजर हाय?"

गावात तीन कंपन्यांची तीन सेंटरं, वैर असल्यासारखी समोरासमोर. पण दर उतरला की तिन्हीकडं एकाच सकाळी उतरायचा, आणि तेवढाच. सगुणा म्हणायची, "घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून गाईचा सौदा हुतो. पर त्यात इकनाऱ्याचाबी हात असतो. ह्यांच्या रुमालाखाली आपला हातच न्हाई."

लोक हसायचे. त्यालाही कारण होतं. एकदा मीठ संपणार अशी आवई उठली, तेव्हा हिनं गोणीभर मीठ आणून ठेवलं होतं. तेव्हापासून तिच्या कुठल्याही शंकेला गावाचं एकच उत्तर, "मावशी, मीठ उरलंय का?" मीही हसायचो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण अक्कल तिच्यापेक्षा जास्त, असं धरून चाललो होतो.

दर पुन्हा उतरला तेव्हा कंपनीचा एक साहेब देवळात बैठकीला आला. बाजारच पडलाय, म्हणाला. सगुणा उभी राहिली.

"साहेब, तुमी तिघं एकाच दिवशी कसं पडता? एकमेकाचा हात धरून?"

सगळं देऊळ हसलं. साहेबही हसला. "पुरावा आहे का, आजी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बस खाली. येड्यावानी करू नको."

ती बसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं भाव विचारणं सोडलं. मुकाट्यानं कॅन ओतायची आणि यायची. त्याच थंडीत तापाचं निमित्त होऊन गेली.

दहाव्याला नामदेव आला. लोक पांगल्यावर माझ्याजवळ सरकून बसला. "तात्या, मावशीचं खरं हुतं. दर उतरायच्या आदल्या सांजंला आमा तिघांनाबी फोन येतो. आकडा एकच."

हा खरं सांगतोय, की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, मला कळेना. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानं नजर हलवली नाही.

"मंग बैठकीत का न्हाई बोलला?"

"माझ्या पोटाचा सवाल हुता, तात्या," तो म्हणाला. "तुमचं काय अडलं हुतं?"