डोलीतून डोंगरावर गेलेला अंगठा

मी दाभोशाचा धबधबा बघायला निघाले होते, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला समाजसेवेची हौस आली. जव्हारला माझा मावसभाऊ नीलेश राहतो. पूर्वी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आता तो डोंगराडोंगरांवर डिश बसवून आसपासच्या गावांना बिनवायरीचं इंटरनेट देतो. "ताई, पाऊस ओसरायच्या आत ये, नंतर नुसता खडक बघशील," असं दर वर्षी ऐकवायचा. या भाद्रपदात रजा टाकली आणि नाशिकहून जव्हारची एसटी धरली.

त्र्यंबकच्या पुढे घाट लागतो. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या बाकावर बसावं आणि निघताना मिसळ खाऊ नये. मी खाल्ली होती. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा लोक भजी खात होते आणि मी लिंबू हुंगत होते.

जव्हारात पोचल्यावर संध्याकाळी शिरपामाळाच्या पठारावर गेले. वारा असा की ओढणी हातात धरून फिरावं लागतं. रात्री भावजयीने नागलीची भाकरी आणि करटुल्यांची भाजी वाढली, ती मी लाज सोडून खाल्ली. दुसऱ्या दिवशी शेअर जीपने दाभोसा. जीप भरली की सुटते, आणि भरली म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चपला घालून जाऊ नका. पाण्यासमोर तासभर गप्प बसले. इथवर सगळं इतरांच्या ब्लॉगसारखंच झालं.

परत आल्यावर नीलेश म्हणाला, "उद्या मोखाड्याकडे एका गावात जायचंय. तिथली लाइन बंद पडलीय. येतेस?" मोटरसायकलवर बसायला मिळणार म्हणून मी हो म्हटलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लोक तिथं फोटो काढायला जातील.

डांबर संपलं, मग चिखल, मग गाडी झाडाखाली लावून पायवाट. गावाच्या तोंडाशीच समोरून डोली आली. बांबूला चादर बांधलेली, चौघांच्या खांद्यावर, आत एक म्हातारी. आजाऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या अशा डोल्यांच्या बातम्या वाचलेल्या होत्या. पण दवाखाना खाली रस्त्याकडे आणि ही माणसं बाजूच्या वाटेने वळून डोंगर चढू लागली.

"अहो, आजींना काय झालं? कुठं नेताय?"

पुढच्या बांबूखालचा माणूस, तिचा मुलगा सोमा, थांबलाही नाही. "काय नाय ताय. आंगठा द्याया नेतो."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. नीलेशकडे बघितलं तर तो भाताच्या खाचरांकडे बघत होता. मग त्याने सांगितलं. रेशन घ्यायचं तर मशीनवर अंगठा लागतो, मशीनला नेट लागतं, आणि मोबाईलची रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर येते. म्हणून महिन्यातून एकदा दुकानदार मशीन घेऊन वर चढतो, मागून अख्खा गाव चढतो, वर अंगठा देतो आणि खाली उतरून धान्य घेतो. लखमी आजीचं कार्ड तिच्या एकटीच्या नावावर, तेव्हा अंगठाही तिचाच हवा. गुडघे तर केव्हाच गेलेले.

मी त्यांच्यामागून चढले. विश्वास बसत नव्हता म्हणून चढले. माथ्यावर एका खडकावर दुकानदार प्लास्टिकखाली मशीन धरून बसला होता. आजीने अंगठा लुगड्याला पुसला, टेकवला, मशीन वाजलं, झालं. एवढ्याचसाठी! मी ओक्साबोक्शी रडायची बाकी होते, आणि आजी हसत होती. म्हणाली, "माजा आंगठा पालखीत बसतो बाय. मी निस्ती त्याच्या संगती येते."

खाली आल्यावर मी नीलेशवर उखडले. रेशन दुकानाच्या पत्र्यावर त्याचीच डिश होती. ती चालू असती तर मशीन दुकानातच चाललं असतं. "तुझ्या नावाची डिश वर आणि म्हातारी डोलीत? लाज कशी वाटत नाही?"

त्याने समोर बोट दाखवलं. डिश आणि पलीकडच्या टेकडीवरचा त्याचा खांब यांच्या मध्ये सागाची दाट रांग होती. एकेक पान सुपाएवढं.

"मी उन्हाळ्यात मोजणी केली, ताई. तेव्हा झाडांना एक पान नव्हतं, खांब इथून स्वच्छ दिसत होता. विचारायला गावात माणूसही नव्हता, सगळे वीटभट्टीवर. लाइन लागली, मी पेढे वाटले. पाऊस पडला, पानं फुटली आणि लाइन गेली. आमची लहर ओल्या पानांतून जात नाही."

"मग पानांतून जाणारी लहर वापर."

"ती सरकार लिलावात विकतं. मोठ्या कंपन्या घेतात."

"मग त्यांना सांग इथं द्यायला."

"त्यांना हे गाव परवडत नाही."

"म्हणजे ते वापरणार नाहीत आणि तुलाही वापरू देणार नाहीत?"

"हो," तो म्हणाला. बाजारातली प्रत्येक वस्तू दुकानात पडून असलेली मी पाहिलीय, पण हवेतली लहर पडून राहते हे पहिल्यांदा कळत होतं.

बाकीचंही ऐकलं. साग वनखात्याचा, फांदीला हात लावता येत नाही. दुसऱ्या बाजूची टेकडीही वनखात्याची, तिथं खांब रोवायला परवानगी मागितलीय, उत्तर नाही. त्यातच डिशमधला जुना रेडिओ, म्हणजे लहर पकडणारं यंत्र, वीज पडून जळला, मंजुरी असलेला नवीन बाहेरदेशातून यायचाय. स्वस्तातला लावला तर लायसन्स जाईल.

खरी अडचण चहा पिताना सोमाने सांगितली. दिवाळी झाली की डोली उचलणारे ते चौघेही भिवंडीकडे भट्टीवर जातात. सागाची पानं झडायला माघ-फाल्गुन उजाडतो. "पानां गळली का नेट येतं, पण तवा आमी नाय. आन् आमी गेलो का आयेला वर न्याया कोन नाय."

मधल्या महिन्यांत म्हातारी काय खाणार, हे मी विचारलं नाही. नीलेशनेच मान खाली घालून म्हटलं, "दिवाळीच्या आत दुसरा खांब उभा करतो." सोमाने बरं म्हटलं.

नाशिकला परतले. फोटो लावले, धबधब्याला लोकांनी भरभरून लाइक दिले. नीलेशला मी दर आठवड्याला फोन करून छळलं. परवानगी आली नाही. शेवटी गावातल्याच एकाने आपल्या खासगी माळावर जागा दिली, रेडिओ आला, आणि भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचं सोडून तो खांबावर चढला. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"ताई, लाइन लागली. पानं असून लागली. दुकानात मशीन चाललं."

मी घरात ओरडलेच. "आजीचा अंगठा पहिला घेतलास ना?"

"सोमा कालच गेला. मागे ठेवायचा धीर झाला नाही म्हणे. आजीला बरोबर घेऊन गेलाय, भट्टीवर. आता रेशन कुठल्याही दुकानात मिळतं ना. तिथं रेंज फुल आहे."

एक दिवस. मी पुन्हा पुन्हा तेवढंच मोजते. दाभोशाला जरूर जा, पाऊस संपायच्या आत जा. मी मात्र पुढच्या वेळी भिवंडीला जाणार आहे, विटांच्या धुरात लखमी आजी कुठं बसते ते बघायला, आणि तिला सांगायला की तिच्या गावात आता नेट आहे.