घोंगडीआडून काढलेला फोटो

ट्रंकेतून घोंगडी काढली की मेंढ्यांचा वास घरभर होतो आणि मला चिकलठाण्यापलीकडचं ते माळरान आठवतं. त्या सकाळी एका मेंढपाळ मामांनी ती माझ्या अंगावर टाकली होती, खोकडाला माणसाचा वास येऊ नये म्हणून. खोकड म्हणजे माळावरचा लहानसा कोल्हा. महिनाभर हेलपाटे घालून मला त्याची फक्त शेपटी दिसली होती. मी पालथी पडले होते, कोपरांना कुसळं टोचत होती, आणि बिळातून मादी निघाली. तोंडात पिल्लू! मी बटण दाबून धरलं. कॅमेऱ्याचा आवाज बंद करायला मात्र विसरले होते. खट् खट् झालं. तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं, पिल्लू तिथंच टाकलं आणि तरवडाच्या झुडपांत नाहीशी झाली. उघड्यावर मुठीएवढं पिल्लू कुंईकुंई करत राहिलं आणि वर घार फिरू लागली. मी उठणार तोच मामांनी माझा खांदा दाबला. "हालू नका ताई. तुमचा हात लागला तर आई जवळ घ्यायची नाय त्याला." "अन् घारीनं नेलं तर?" मी कुजबुजले. घारीची सावली दोनदा माझ्या हातांवरून गेली. तिसऱ्यांदा घार खाली झेपावली, तेवढ्यात मादी झुडपांतून सुटली, पिल्लू उचलून पुन्हा बिळात शिरली. मामांनी निघताना घोंगडी मलाच देऊन टाकली. खट् ऐकून तिनं माझ्याकडं पाहिलं, तो फोटो आज आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काय नजर पकडलीय हो!" मी चहा टाकायला आत जाते.