पुस्तकासाठी घोडीवर नाना

संपादकबाईंनी माझी चित्रं परत पाठवली. कादंबरी स्पेनमधली, जुनी, जाडजूड. पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलेला म्हातारा घोड्यावर बसतो आणि भाला घेऊन पवनचक्क्यांवर चाल करून जातो. मराठी आवृत्तीसाठी बाईंना आधुनिक चित्रं हवी होती, कमीत कमी रेषांची. मी म्हातारा म्हणून एक काठी काढली आणि घोडा म्हणून त्रिकोण. बाई फोनवर म्हणाल्या, “भूमिती छान आहे, माणूस कुठाय? आठवड्यात जमलं नाही तर काम दुसऱ्याला देते.” माझं आयुष्यातलं पहिलं पुस्तक हातचं जाणार होतं!

माणूस घरातच होता. आमचे वडील, नाना. हाडं मोजून घ्यावीत इतके किडकिडीत, वर ताठ. त्यांना कसंबसं पटवलं, केळीच्या घडाला टेकू देतात तो बांबू गाडीच्या टपावर बांधला आणि जळगावहून थेट साक्री गाठलं. तिथल्या माळावर पवनचक्क्याच पवनचक्क्या. मावशीच्या गावातली, लग्नात नवरदेव मिरवणारी घोडीही ठरवली.

नाना डोक्यावर पितळी पातेलं घालून, बांबू घेऊन चढले. घोडी निघाली ती माळाकडे नाही, गावात! नवरदेवाला आधी मारुतीला न्यायचं, एवढंच तिला ठाऊक. मालक लगाम ओढतोय, नाना “हो, हो” करत तिला थांबवू पाहतायत, मी कागद घेऊन मागे धावतेय. देवळासमोर ती जी थांबली ती हलेचना. बायका ओवाळायला ताट घेऊन आल्या. एकीने विचारलं, “नाना, नवरी कोठे शे?” मावशीने कपाळावर हात मारला. मी हसून हसून पायरीवरच बसले. पण आता नाना चिडून उतरणार आणि पुस्तक गेलंच म्हणून समजा.

नाना उतरले नाहीत. पातेलं सरळ केलं आणि गंभीरपणे म्हणाले, “लगीन नही शे. मन्ही पोर चित्रकार शे. तिले घोडावरना म्हातारा पायजे.”

आजवर पाहुण्यांना ‘पोर कॉम्प्युटरवर काहीतरी करते’ एवढंच सांगणारे नाना!

पवनचक्क्यांपर्यंत जायची वाट मी पाहिलीच नाही. तिथेच, देवळाच्या पायरीवर, झरझर चित्र काढलं. डोळे भरले होते, रेघ हलली. ती मी खोडली नाही.

तेच चित्र मुखपृष्ठावर आलं. हल्ली नाना घरी येईल त्याच्यापुढे पुस्तक धरतात, “हाऊ मीच शे.” आणि लगेच पान उलटून माझं नाव दाखवतात.