काजूवाल्यांच्या बाजूचा माणूस

पृथ्वीच्या पाठीवर कुठेही, कुठल्याही खेळात कोणी हरायला निघालेला असला, की त्याला आमच्या थोरल्या साडूंचा पाठिंबा असतो. त्या बिचाऱ्याला याचा पत्ता नसतो, आणि असता तरी त्याचा धीर वाढला असता असं मला वाटत नाही. कारण साडू ज्याच्या पाठीशी उभे राहतात त्याचं काही खरं नाही, हे उरणच्या आसपास चार गावांत सगळ्यांना माहीत आहे. पण साडूंना जिंकणाऱ्याचं कौतुक म्हणून कधी नव्हतंच. ‘त्याच्या मागं समदी दुनिया हाय, आपन आनि कशाला गर्दी करायची?’ असं ते म्हणतात, आणि याच्यापुढे त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. घरची मिठागरं होती, ती बंदराच्या कामात गेली, आणि मिठागरांच्या जागी आयुष्यात ट्रेलर आला. गेली कित्येक वर्षं ते बंदरातून कंटेनर उचलतात आणि कुठे कुठे पोचवतात. मी चौलच्या शाळेत मास्तर, त्यामुळे मी त्यांचा ‘गुर्जी’. एकदा ते आमच्याकडे जत्रेला आले असताना मी त्यांना किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती बघायला घेऊन गेलो. त्यांनी सगळ्या जोड्या न्याहाळून त्यातली सगळ्यांत मरतुकडी हेरली आणि तिच्या नावाने घसा फोडायला सुरुवात केली. ती जोडी सुटली ती थेट समुद्राकडे, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन स्वस्थ उभी राहिली. बाकीच्या गाड्या पोचल्या, बक्षिसं वाटून झाली, तरी हे ‘अजून हाय, अजून हाय’ ओरडतच होते. शेवटी पँट दुमडून स्वतः पाण्यात शिरले आणि गाडीवानाबरोबर बैल बाहेर काढून आले. परत येताना चेहऱ्यावर समाधान असं, की पहिला नंबर यांचाच आला असावा.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर कहरच झाला. ज्याची अनामत रक्कम जाणार असं गाव बोलत होतं, त्याच्यासाठी साडू उन्हातान्हात फिरले. आणि कसं कोण जाणे, तो माणूस निवडून आला. गावात गुलाल उधळला, ढोल वाजले, नवा सदस्य साडूंना मिठी मारायला शोधत फिरला, तर साडू गायब. ते सापडले पडलेल्या उमेदवाराच्या ओट्यावर. चांगली दोन पापलेटं घेऊन गेले होते आणि ‘लोकांना मानूस वलखता येत न्हाय’ असं त्याला समजावत होते. त्याला पाडण्यासाठी महिनाभर आपणच राबलो, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. माझं आणि माझ्या बायकोचं कधी वाजलं, तर साडू काय झालं ते ऐकूनही न घेता माझ्या शेजारी येऊन बसतात. ‘मी तुमच्याच बाजूला, गुर्जी,’ म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा आनंद व्हायचा. नंतर त्याचा अर्थ ध्यानात आला.

पण या माणसाचं खरं तेज उजळतं ते फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला की. बंदराच्या गेटबाहेर ट्रेलरची रांग लागते, ती तासन्‌तास हलत नाही. तिथे एका टपरीवर सगळे ड्रायव्हर चहा पीत जगाचा निकाल लावत बसतात. साडूंना देशांची नावं नीट येत नाहीत; त्यांची ओळख मालावरून. ज्या देशातून कच्चा काजू येतो ते काजूवाले, लाकूड येतं ते लाकूडवाले, आणि ज्यांच्याकडून भल्याथोरल्या पेट्या येतात ते मशिनरीवाले. ‘मशिनरीवाल्यांच्या कंटेनरला वास म्हनून न्हाय,’ ते सांगतात. ‘काजूवाल्यांचा दार उघडा, त्यांचा समदा गाव भायेर येतो. गोनीवर कोनीतरी हातानं नाव लिवलेला असतो. असा देश हरला तर मना वाईट वाटनार न्हाय?’ आता फुटबॉलशी याचा संबंध काय, असं विचारायची सोय नाही. ते टपरीवरचे ग्लास टेबलावर मांडून काजूवाल्यांचा डाव समजावायला लागतात. हा पुढचा, हे दोन मधले, आणि हा गोलकीपर. तेवढ्यात टपरीवाला गिऱ्हाईक आलं म्हणून गोलकीपर उचलून विसळायला नेतो. ऑफसाइड म्हणजे काय, हे मी त्यांना एकदाच विचारलं. ‘दुसऱ्याच्या घरात आवाज न देता शिरला, का ऑफसाइड,’ ते म्हणाले. इतकं सोपं करून मला वर्गात एकही गोष्ट सांगता आलेली नाही.

तर मागच्या खेपेला असं झालं, की काजूवाले आणि मशिनरीवाले एकमेकांसमोर आले. एकीकडे चषक आपल्याच घरी ठेवायची सवय असलेले मशिनरीवाले, आणि दुसरीकडे कसेबसे आत शिरलेले काजूवाले. टपरीवर साडू एकटे एका बाकावर आणि बाकी सगळे दुसऱ्या बाकावर. सामना रविवारी संध्याकाळी. आणि नेमकी त्याच रविवारी संध्याकाळी साडूंच्या मुलीची, दर्शनाची, सोयरीक ठरायची होती.

मुलगा दर्शनाने स्वतःच पसंत केलेला. दोघं एकाच कचेरीत कामाला. साडूंची ना नव्हती, ताईंची नव्हती. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. पेणकडचे गृहस्थ, माणूस खानदानी पण फार मानी. थोरल्या मुलाच्या वेळी एका घरी मुलीच्या काकाने त्यांच्याशी कसलासा वाद घातला, तर हे भरलेला चहाचा कप खाली ठेवून उठले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. चहा पूर्ण प्यायला तरच होकार समजायचा, अशी त्यांची ख्याती होती. आणि हे गृहस्थ मशिनरीवाल्यांचे कट्टर भक्त होते. ही बातमी दर्शनाने आदल्या दिवशी सांगितली, तेव्हा ताई जागच्या जागी खाली बसल्या.

‘बाबा, एक संध्याकाळ,’ दर्शना म्हणाली. ‘फक्त एक संध्याकाळ काही बोलू नका. ते जे म्हणतील त्याला हो म्हणा.’ ती मुळात कमी बोलणारी मुलगी. तिने काही मागितलेलं साडूंना आठवत नव्हतं. त्यांनी मान हलवली. ताईंचा त्या मान हलवण्यावर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी गावदेवीला नारळ बोलला, आणि मला चौलहून बोलावून घेऊन साडूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. हे बोलायला लागले की मी चिमटा काढायचा होता.

पाहुणे आले. पाणी झालं, ओळखी झाल्या. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती होती तेच झालं. मुलाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘टीव्ही लावा जरा. मॅच हाय.’ टीव्ही लागला. ‘आज त्या टीचभर देशाचा भुगा व्हनार, काय पाव्हनं?’ साडूंनी माझ्याकडे बघितलं, दाराआडच्या मुलीकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘व्हय. भुगा.’ पान लावून वाढलेलं शाकाहारी जेवणही ज्याने आयुष्यभर परत केलं, अशा माणसाला तोंडात कारलं धरून बसावं लागलं तर तो जसा दिसेल तसे ते दिसत होते. ‘त्यांना खेलता कुठं येतो?’ ‘न्हाय येत.’ ‘उगाच आले इथवर.’ ‘उगाच.’ माझ्या चिमट्याला काही कामच उरलं नाही. उलट मलाच भरून यायला लागलं.

आणि काजूवाल्यांनी गोल केला. साडू ताडकन उठले. दोन्ही हात छताकडे गेले. साडूंनी ते हात तसेच वर धरले, मागे ताणले, मोठी जांभई दिली आणि म्हणाले, ‘कंबर आखडली जरा,’ आणि खाली बसले. पाहुण्यांचं लक्ष टीव्हीत होतं म्हणून निभावलं. मध्यंतरानंतर ताईंनी चहा पाठवला. मुलाच्या वडिलांनी कप हातात घेतला, दोन घोट घेतले, आणि तेवढ्यात काजूवाल्यांनी दुसरा गोल केला. गृहस्थांनी कप खाली ठेवला.

कप जवळजवळ भरलेलाच होता. मी तो बघितला, ताईंनी दारातून बघितला, दर्शनाने बघितला. मुलगा मान खाली घालून बसला. गृहस्थ टीव्हीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे पडले होते, आणि मघापासून कडक वाटणारा तो माणूस एकाएकी म्हातारा दिसायला लागला. साडूंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चिमट्यासाठी पुढे आलेला माझा हात झटकला, खुर्ची उचलली आणि गृहस्थांच्या शेजारी नेऊन ठेवली.

‘पाव्हनं, मान वर करा,’ ते म्हणाले. ‘अजून टाइम हाय. मशिनरीवाले काय असे तसे न्हाईत. त्यांचा माल मी वाहिलाय. एक नटबोल्ट इकडचा तिकडं नसतो.’

‘आता काय व्हनार हो.’

‘का न्हाय व्हनार? तो उंच पोरगा अजून दमला न्हाय. ह्यो तुमचा कप हितं ठेवा, ह्यो बघा तो. आनि ही बशी त्यांचा बचाव.’ पोह्यांच्या बश्या, कप, पाण्याचे तांबे सगळं टीपॉयवर मांडलं गेलं. घटकाभरात दोघं उभे राहून ओरडत होते. साडू तर असे ओरडत होते, की लहानपणापासून मशिनरीवाल्यांचंच मीठ खाल्लं असावं. त्यात कणभर नाटक नव्हतं. एक गोल फिटला तेव्हा दोघांनी मिठी मारली. दुसरा फिटता फिटता राहिला आणि सामना संपला.

गृहस्थ खाली बसले. डोळे पुसले. ‘पाव्हनं, तुमी मुलातच आमच्या बाजूचे,’ ते भारावून म्हणाले.

इथे साडूंनी नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. संध्याकाळभर म्हणत होतेच. पण ते म्हणाले, ‘न्हाय हो. मी काजूवाल्यांचा. ते पुढं गेले, मंग माजा त्यांच्याकडं काय काम? तुमी एकटे पडले, म्हनून आलो.’

ताईंनी डोळे मिटून घेतले. गृहस्थ साडूंकडे बघतच राहिले. मग म्हणाले, ‘माज्या घरात समदी मॅच बघतात. पन हारलो का एकेक उठून जातो. शेजारी कोनी बसत न्हाय.’ आणि त्यांनी टीपॉयवरून तो उंच पोरगा उचलला आणि गार झालेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. ‘सुपारी फोडा,’ म्हणाले. घरात जो गलका झाला तो काजूवाल्यांच्या देशातही झाला नसेल.

पाहुणे गेल्यावर मी साडूंना शोधलं, तर ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, ‘गुर्जी, त्या घरात ते पाच जन. दर्शना एकटी. काय झाला तर आपली बाजू कुठली, ते ठरल्यालंच हाय. पन मी हितं आनि ती तिथं.’

‘व्याही बसतील की तिच्या शेजारी,’ मी म्हटलं. ‘आज बघितलंत ना?’

‘बसतील. मानूस लाखाचा हाय. पन ती हारतेय, हे त्यांना कलला तर पायजे. ती आपल्यासारखी वरडत न्हाय, गुर्जी. गप ऱ्हाते.’ ओरडणाऱ्या माणसांमध्ये वाढलेली ती गप्प मुलगी मीही लहानपणापासून बघत आलो होतो, पण असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

लग्न थाटात झालं. दर्शना आनंदात आहे, असं सगळेच सांगतात, आणि मलाही तसंच दिसतं. साडू रविवारी वेळ मिळाला की ट्रेलर उभा करून पेणला व्याह्यांकडे सामना बघायला जातात. कुठला सामना, कोण खेळतंय, याची त्यांना कल्पना नसते. एकदा मीही बरोबर गेलो होतो. व्याही टीव्हीसमोर रंगात येऊन बोलत होते आणि साडू हूं हूं करत होते, पण त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दारावर खिळलेली. दर्शना पाणी घेऊन बाहेर आली, ‘बाबा, कधी आलात?’ म्हणाली. साडूंनी तांब्या हातात घेतला आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश बघितलं. ती हसली, आणि आत गेली. तेव्हा कुठे ते खुर्चीत मागे टेकले आणि व्याह्यांना म्हणाले, ‘हां, बोला आता. कोन हारतोय?’